पाच एचपीची अंघोळ

गरम पाण्याच्या टबातलं पाणी किती तापवावं याला अमेरिकेत मर्यादा घालून दिलेली आहे: 104 अंश फॅरनहाइट, म्हणजे 40 अंश सेल्सिअस. 1979मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तसा इशारा दिला, कारण त्याहून कढत पाण्यात बसून माणसं दगावली होती. तेव्हापासून चांगल्या कंपनीचा टब चाळिशीला पोचला की आपोआप थांबतो. परभणीत मे महिन्यात नुसती हवाच 42-43 अंशांच्या घरात असते, एखाद्या दुपारी 44 ओलांडते, आणि तिला थांबवणारा थर्मोस्टॅट अजून बाजारात आलेला नाही. 2011च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात अठरा लाखांवर माणसं राहतात. अमेरिकन आयोगाच्या हिशेबाने ती सगळी दर उन्हाळ्यात धोक्याच्या टबात बसलेली असतात, तीही अंगभर कपड्यांनिशी आणि फुकट.

अशा जिल्ह्यात हॉट टब घेण्याची कल्पना कुणाला सुचावी? सुचते. ती बहुधा विमानाने येते. मुलगा अमेरिकेत स्थिरावलेला असतो, आईवडील सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच मुलाच्या घरामागच्या अंगणात टब बसवायचं घाटत असतं. शनिवार-रविवारी दुकानं बघायला निघताना मुलगा म्हणतो, "अण्णा, तुम्हीही चला." तिथून सगळं सुरू होतं. हे अण्णा परभणीत 'सर' म्हणून ओळखले जातात. शाळेतून निवृत्त झालेले, गावाकडं चार एकर जमीन, आणि उभ्या आयुष्यात मोंढ्यातून, म्हणजे बाजारपेठेतून, पाण्याच्या मोटरी घेऊन-घेऊन तयार झालेला खरेदीचा हात. हे सर म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. वसमत रोड आणि जिंतूर रोड यांच्या मध्ये ते पुष्कळ घरांतून राहतात.

अमेरिकन दुकानात सरांना पहिला धक्का बसतो तो किंमत कुठेच लिहिलेली नसते याचा. गाडीच्या आकाराचे टब रांगेने मांडलेले असतात. कुणावर हॉट स्प्रिंगचं नाव, कुणावर सनडान्सचं, कुणावर जकूझीचं. स्वस्तातला तीन-चार हजार डॉलरला मिळतो, चांगला घ्यायला जावं तर पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो, पण आकडा मात्र विक्रेत्याच्या पोटात असतो. तो आधी तुमचं घर केवढं, पाठ दुखते का, पाहुणे किती येतात, हे सगळं काढून घेतो आणि मग आकडा सांगतो. मुलाला हे नवं वाटतं. सरांना अजिबात वाटत नाही. गिऱ्हाइकाचं धोतर, चप्पल आणि सोबतचा माणूस बघून भाव ठरवण्याची कला त्यांनी परभणीच्या कच्छी बाजारात पुरेशी पाहिलेली असते. "हा सवलतीचा भाव फक्त आजच्या दिवस आहे," असं विक्रेता म्हणतो तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर घरी पोचल्याचं समाधान पसरतं. ते शांतपणे उठून दाराकडं चालू लागतात. विक्रेता मागून येतो. टबाचं झाकण उचलायचा दांडा, चढायच्या दोन पायऱ्या आणि पाण्यात टाकायच्या औषधांचा डबा इतकं वरकड पदरात पाडून सर परत खुर्चीत बसतात. मुलगा ओशाळलेला असतो. वास्तविक ओशाळायचं कारण नाही. या तिन्ही वस्तू तिथले डीलर घासाघीस करणाऱ्याला देतच असतात, फक्त मागावं लागतं.

मग जेटची मोजणी सुरू होते. टबाच्या भिंतीतून पाण्याचे झोत ज्या भोकांतून येतात ती ही जेट. एका कंपनीची चाळीस, दुसरीची पन्नास, तिसरीची साठ. विक्रेता प्रत्येक भोकाचं काम सांगतो: हे मानेला, हे कंबरेला, हे पोटऱ्यांना, हे तळपायाला. एवढी भोकं एका मोटरीवर चालवली तर प्रत्येकातून किती पाणी येणार, हा प्रश्न ठिबक सिंचन केलेल्या कुठल्याही माणसाच्या मनात येईल. सरांच्याही येतो. ड्रिपर वाढवले की शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचत नाही, हे त्यांना मोसंबीने शिकवलेलं असतं.

"मोटर कितीची आहे?" सर विचारतात. मुलगा भाषांतर करतो.

"पाच हॉर्सपॉवर. आणि अशा दोन."

"पाच एचपीवर आमचं चार एकर भिजतं. इथं पाणी कुठवर न्यायचंय?"

कुठेच न्यायचं नाही, असं उत्तर येतं. टबातलंच पाणी ओढायचं आणि परत टबातच सोडायचं. सर थोडा वेळ टबाकडं बघत राहतात. पाणी आहे तिथंच राहणार आणि त्यासाठी दहा एचपी, हा हिशेब मराठवाड्यातल्या माणसाच्या गळी उतरणं कठीण आहे. महावितरणच्या तर त्याहून कठीण.

पण सर इथं थांबत नाहीत. ते गुडघ्यावर बसतात, टबाच्या बाजूची फळी काढायला लावतात आणि मोटरीवरची पट्टी वाचतात. त्यांना हवा असतो अँपिअरचा आकडा. मोंढ्यात मोटर घेणारा जुना मुरलेला शेतकरी एचपी विचारतो आणि अँपिअर बघतो, कारण डब्यावर पाच छापायला खर्च येत नाही, पण पाचची मोटर जेवढी वीज ओढते तेवढी तीनची ओढू शकत नाही. अमेरिकन टबांच्या जाहिरातीतली पाच एचपीदेखील पुष्कळदा अशीच असते. मोटर बंद पडायच्या आधी क्षणभर जो जोर लावते, तो धरून आकडा फुगवलेला असतो. सलग चालताना तीच मोटर अडीच-तीनचं काम करते. टबांचे जाणकार गिऱ्हाइकाला हाच सल्ला देतात, की एचपी विसरा, अँपिअर बघा. फरक इतकाच, की त्यांना हे सांगायला जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका लागतात. मोंढ्यातला मिस्त्री तेच विडी विझवता विझवता सांगतो.

सरांना इथं सगळं ओळखीचं वाटतं, त्यामागे इतिहास आहे. जकूझी हे इटलीतल्या फ्रिउली भागातून कॅलिफोर्नियात आलेल्या सात भावांचं आडनाव. भावांनी आधी विमानांचे पंखे केले, मग सबंध विमान केलं. 1921मध्ये ते विमान कोसळलं, एक भाऊ आणि बरोबरचे तिघे गेले, आणि घरच्यांनी विमानाचा नाद सोडायला लावला. मग या मंडळींनी विहिरीत हात घातला. 1926च्या सुमारास राकेले जकूझी या थोरल्या फळीतल्या भावाने खोल विहिरीतलं पाणी उपसणारा जेट पंप तयार केला, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. साधारण त्याच काळात इकडे किर्लोस्करवाडीला सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले होते. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, असं म्हणून शेतकऱ्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर दोनेक वर्षं पडू दिले होते. पंपाच्या बाबतीत तसली शंका कुणाला आली नाही. विहिरीत पाणी आहे आणि ते वर आणायचंय, हे पटवायला विक्रेता लागत नाही.

जकूझींचा पंप टबात शिरला तो घरातल्या आजारपणामुळे. सर्वांत धाकटा भाऊ कॅन्दिदो. त्याच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी संधिवात जडला. दवाखान्यात पाण्याचे झोत अंगावर घेतले की पोराला बरं वाटायचं, म्हणून बापाने 1948मध्ये घरच्या साध्या टबात सोडता येईल असा छोटा पंप बनवला. 1956मध्ये तो जे-300 या नावाने विक्रीला आला. टबाच्या कडेला अडकवायचा, चालू करायचा, पाणी घुसळायला लागायचं. पुढे 1968मध्ये याच घरातल्या रॉय जकूझीने पंप, नळ्या आणि टब असं सगळं एका अंगात बसवलं, आणि दुखण्यावरचा उपाय श्रीमंतीची खूण झाला. ही हकिकत कळल्यावर सरांचा निकाल तयार असतो: "म्हणजे ही माणसं आपल्या मोंढ्यातलीच."

सरांच्या सौभाग्यवतींचं मत इतकं मवाळ नसतं. दुकानदाराने त्यांच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव असा, की घेण्यापूर्वी टबात बसून बघा. अमेरिकेत ही रीतच आहे. गिऱ्हाईक पोहायचे कपडे घेऊन दुकानात येतं, पाण्याने भरलेल्या नमुन्यात अर्धा तास बसतं, उठतं, दुसऱ्या दुकानात जाऊन तिथल्या नमुन्यात बसतं. पाठीला कुठला झोत लागतो, उंचीला कुठली बैठक बसते, हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही, आणि पंधरा हजार डॉलर मोजणाऱ्याने ते बघावंच. तत्त्व म्हणून यात चूक काही नाही. पण "परक्या दुकानात, परक्या माणसांसमोर, लोक बसून गेलेल्या पाण्यात" एवढ्या तीन गोष्टी एका वाक्यात आल्यावर काकू पर्स घट्ट धरून गाडीत जाऊन बसतात.

गाडीत त्यांना मुलगा समजावतो, की पाणी स्वच्छच असतं, त्यात औषध टाकतात, पट्टी बुडवून तपासतात, आणि तीन-चार महिन्यांनी बदलतात.

"तीन महिने? तेच पाणी?"

"हो, पण टबात उतरायच्या आधी प्रत्येकाने अंघोळ करायची असते."

"अंघोळ झाल्यावर मग टबात कामून बसायचं?"

या प्रश्नाला कुठल्याही ब्रँडच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. मराठी घरात अंघोळ म्हणजे अंगावरून वाहून गेलेलं पाणी. साचलेल्या पाण्यात बसतात त्या म्हशी, असा आपला एकूण समज. ज्या संस्कृतीत अंघोळ हे काम आहे आणि जिच्यात तो विरंगुळा आहे, अशा दोहोंमधला हा झगडा आहे, आणि तो विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनचं फ्रिडरिख्सबाड घ्या. 1877 सालचं हे स्नानगृह. पाहुण्याने अंगावर चिंधीही न ठेवता सतरा टप्प्यांतून फिरायचं. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण जिल्ह्यात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. एवढा एक मुद्दा मात्र जर्मनीला सोडून द्यावा.

खरं तर गरम पाण्याच्या सेवेबाबत या जिल्ह्याच्या अपेक्षा फार जुन्या आणि फार उंच आहेत. संत जनाबाई गंगाखेडच्या. त्यांच्या नावाने गायल्या जाणाऱ्या एका अभंगात जनी न्हायला बसते, कढत पाण्यात घालायला विसणाचं गार पाणी नसतं, आणि तेवढ्यासाठी विठ्ठल स्वतः घागर घेऊन धावतो. ज्या मुलखात तक्रार न नोंदवताच पांडुरंग घरपोच येतो, तिथल्या माणसाला "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया प्रतीक्षा करा" ही रेकॉर्ड कशी रुचावी?

सर परत येतात ते टबाचं माहितीपत्रक बॅगेत घेऊनच. वसमत रोडला बांधायच्या नव्या घराच्या नकाशावर गच्चीच्या कोपऱ्यात एक गोल काढला जातो. पाण्यासाठी गोल बांधकाम करणं जिल्ह्याला नवं नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव चक्राकार आहे. पायऱ्या फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात, आणि गाळ-कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी खपून साफ केली. पण ती जमिनीत आहे. गच्चीवरच्या गोलाकडे बघून इंजिनिअर गप्प होतो. मध्यम टबात दीड हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन दीड टन. टब आणि चार माणसं धरली तर दोन टनांच्या आसपास जातं, तेही दोन बाय दोन मीटरच्या जागेत. चौरस मीटरला पाचशे किलो झाले. घरगुती गच्चीचा स्लॅब दीडशे-दोनशेच्या हिशेबाने धरतात. बरं, अंगणात ठेवावा तर खाली परभणीची काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरची घरं तिच्या मर्जीप्रमाणे तडकतात. टबाला तर अगदी सपाट पाया लागतो. टब कलला की एका बाजूच्या पाहुण्याच्या गळ्यापर्यंत पाणी आणि दुसऱ्याचे खांदे उघडे.

पाण्याचं काय करायचं, हे कुणी विचारतच नाही. शहराचं पाणी जिंतूर तालुक्यातल्या येलदरीहून येतं, आणि नळ रोज येईल असं गृहीत धरून परभणीत कुणी घर बांधत नाही. आधी हौद, मग बोअर, मग उरलंच तर दिवाणखाना. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं, असा सरकारी निकष आहे. त्या मापाने एका टबात अकरा माणसांचा दिवस बुडतो. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्यात असे तीनशे तेहतीस टब भरले असते. लातूरकरांनी ते प्यायले.

राहिली वीज. दीड हजार लिटर पाणी 20 अंशांवरून 40वर न्यायला साधारण 35 युनिट लागतात. हे पहिल्या दिवसाचं. पुढे पाणी गरम राखायला रोजचा वेगळा खर्च. घरातल्या दोन किलोवॉटच्या हीटरने हे काम करायला घेतलं तर साडेसतरा तास लागतील. संक्रांतीला टबात बसायचं असेल तर भोगीच्या दुपारीच बटण दाबावं लागेल, आणि मध्ये लाइट गेली तर कर साजरी करावी.

मुद्दाम संक्रांतीचं नाव घेतलं, कारण परभणीची थंडी हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. मे महिन्याची कीर्ती सगळीकडे पोचलेली आहे. पण वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात 2018च्या डिसेंबरअखेरीस पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता, आणि राज्यातली सर्वांत थंड जागा म्हणून बातम्यांत महाबळेश्वरऐवजी परभणीचं नाव येणं ही दर हिवाळ्यातली गंमत आहे. त्या पाच-सहा आठवड्यांत गरम पाण्याची खरी किंमत कळते, आणि खरी खरेदी तेव्हाच होते. फक्त ती टबाची नसते.

एके काळी ती बंबाची असायची. तांब्याचा बंब, मधून धुराची नळी, खाली जाळ. जळण म्हणून कापसाच्या पऱ्हाट्या नाही तर तुरीच्या तुराट्या, म्हणजे शेतातून फुकट. शेजारी घंगाळ, त्यात कढत पाणी काढायचं आणि बेताने विसण घालायचं. बंब घेताना ब्रँड नावाचा प्रकार नव्हता. तांबं किलोवर, म्हणून वजन बघायचं, जोडावरून बोट फिरवायचं, बोटाने वाजवून आवाज ऐकायचा. वॉरंटी कार्ड नव्हतं, कारण बिघडण्यासारखं आत काही नव्हतंच. आणि तीस वर्षांनी मोडीत घातला तरी तांब्याचा भाव हातात यायचा. अमेरिकेत जुना झालेला टब उचलून न्यायला उलट मालकालाच पैसे मोजावे लागतात. आता घंगाळी हायवेवरच्या रिसॉर्टात दिसतात, वर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात. ज्यांच्या आजीने ती चिंचेने घासून घासून बोटं झिजवली, ते त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

बंबाची गादी गीझरने घेतली, आणि तुलनात्मक खरेदीचं परभणीतलं खरं स्थान आज तिथं आहे. दिवाळीचा पाडवा झाला की गांधी पार्क, स्टेशन रोड, सुभाष रोड अशा फेऱ्या सुरू होतात. रॅकोल्ड आहे, तिचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आणि मालक इटलीचे. गरम पाण्याच्या धंद्यात इटालियन लोक कुठून ना कुठून निघतातच. ए. ओ. स्मिथ अमेरिकन. व्ही-गार्ड केरळची, जी मुळात स्टॅबिलायझर विकून मोठी झाली, म्हणून व्होल्टेजच्या प्रश्नावर तिचा विक्रेता जरा जास्त आत्मविश्वासाने बोलतो. बजाज आहेच. सर सगळीकडे तेच प्रश्न विचारतात आणि सगळीकडे चहा पितात.

डब्यावरचे तारे हा पहिला विषय. पाच तारे घ्या, वीज वाचते, असं दुकानदार सांगतो. खोटं नाही. पण साठवणीच्या गीझरवरचे तारे मोजतात काय, तर तापलेलं पाणी तसंच ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता गळते ते. परभणीत गीझर चोवीस तास चालू ठेवणारं घर अजून बांधून व्हायचंय. इथं बटण दाबल्याबरोबर आतल्या खोलीतून "झालं का? बंद केलं का?" अशी हाक येते. दोन किलोवॉटचा गीझर पंधरा लिटर पाणी पाव तासाच्या आत कढत करतो, अर्धा युनिटही लागत नाही, आणि मग लगेच बंद होतो. अशा घरात चौथ्या-पाचव्या ताऱ्याचा फायदा मुख्यतः पाहुण्यांना दाखवण्यापुरता.

दुसरा विषय वॉरंटीचा, आणि इथं अमेरिकन टब आणि परभणीचा गीझर सख्खे भाऊ निघतात. टबाच्या कवचाला वॉरंटी भरपूर वर्षांची, पृष्ठभागाला त्याहून कमी, नळ्यांना आणखी कमी, आणि मोटर-हीटर-बटणांना सर्वांत कमी. गीझरच्या टाकीला पाच ते सात वर्षं, कॉइलला दोनेक. कवच आणि टाकी कुणाच्या घरी बिघडल्याचं ऐकिवात येत नाही, असं नाही. पण कॉइल आधी जाते. शिवाय खाली बारीक अक्षरात क्षाराच्या पाण्याचा उल्लेख असतो. परभणीच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. हिवाळा संपेपर्यंत कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो, मग एक दिवस फ्यूज उडतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकीचं लोखंड वाचवते. दीड-दोन वर्षांनी ती बदलायची असते. ही कांडी घरात आहे, हेच पुष्कळांना ती संपल्यावर कळतं.

सरांना ही सगळी माहिती कुठल्याही दुकानात मिळालेली नसते. ती मिळते मिस्त्रीकडून. मिस्त्री स्टुलावर चढून जुना गीझर उघडतो, आतून वाटीभर चुनखडी काढतो, फरशीवर ओततो आणि म्हणतो, "सर, कंपनी कोणतीबी घ्या, पाणी आपलंच हाय."

मग सर त्याला विचारतात, की तू कोणता दुरुस्त करतोस? कुणाचे पार्ट तुझ्याकडं असतात? सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी कोण येतं? आणि मिस्त्री ज्या कंपनीचं नाव घेतो तो गीझर घेतला जातो. तारे, जाहिरातीतली नटी, इटली, अमेरिका, केरळ, सगळं मागे पडतं. अमेरिकेतल्या टबवाल्यांमध्येही जाणकार शेवटी इथंच येतात. मोठ्या ब्रँडचा टब दूरच्या डीलरकडून घेण्यापेक्षा बऱ्यापैकी ब्रँडचा टब जवळच्या डीलरकडून घ्यावा, कारण हिवाळ्यात मोटर बंद पडली की ब्रँड फोन उचलत नाही, डीलर उचलतो. परभणीत टबाची मोटर बसली तर कंपनीचा माणूस संभाजीनगरहून नाही तर पुण्याहून यायचा. संभाजीनगरच दोनशे किलोमीटर. तोवर औषध न टाकलेल्या दीड हजार लिटर पाण्यात परभणीचे डास दोन पिढ्या वाढवतील आणि महापालिकेचा धूरफवारणीवाला कंपनीच्या माणसाआधी पोचेल.

हा दुरुस्तीचा एक निकष लावला तरी परभणी जिल्ह्यापुरता निकाल सोपा आहे. हॉट टब नको. स्लॅब, काळी जमीन, येलदरी आणि वीजबिल हे चार साक्षीदारही विरुद्ध आहेत. चार माणसांच्या घराला आयएसआय शिक्क्याचा पंधरा ते पंचवीस लिटरचा गीझर पुष्कळ झाला, कांडी मात्र वेळेवर बदलावी. गॅस गीझर घेणाऱ्याने तो बंद न्हाणीघरात लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यात माणसं गेलेली आहेत, इथं विनोद नाही. उन्हाळ्यात तर काहीच घेऊ नये. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी एकला नळातून जसं येतं, त्याला विसण घालावं लागतं.

आणि तरीही ज्यांना कढत पाण्यात निवांत बसायचंच आहे, त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात उनकेश्वरला जावं. तिथं गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत. त्वचेच्या विकारांना गुण येतो या श्रद्धेने लोक पिढ्यानपिढ्या येत आले आहेत. पाणी जमिनीतून आपोआप येतं. मोटर नाही, त्यामुळे अँपिअर बघायचे नाहीत. सरांनी एकदा जाऊन खात्री करून घ्यायला हरकत नाही. टॉवेल घरून न्यावा, साबण आणि शाम्पू पिशवीतच ठेवावेत, आणि काकूंना हे पाणी वाहतं असल्याचं आधीच सांगून ठेवावं.